एकतिसावी

पाटीवर पन्नासचा आकडा लागला तेव्हा मी पावाला शेंगदाण्याची चटणी लावत होते.

स्लोव्हेनिया नावाच्या देशात, नदीकाठच्या गवतावर हॉटेलची चादर अंथरून बसले होते. समोर फेसाळ पाणी, पाण्यावर तारांना टांगलेल्या काठ्यांच्या जोड्या, आणि त्या सगळ्यांमधून माझ्या बहिणीची मुलगी जागृती कयाक काढून नुकतीच खाली पोचली होती. छान आली होती. एवढी वर्षं काठावर बसून काढल्यावर मला तेवढं कळतं.

"मावशे, किती?" तिने पाण्यातूनच विचारलं.

"पन्नास."

"वेळ विचारतेय मी."

"वेळ बरी आहे. वेळेच्या शेजारी पन्नास लावलेत."

ती वल्हं मांडीवर टाकून पाटीकडे बघत राहिली. होडी आपली आपण गोल फिरायला लागली, तरी तिला पत्ता नाही.

हा खेळ सोपा आहे, म्हणजे सांगायला. हिरव्या काठ्यांच्या जोडीतून प्रवाहाबरोबर खाली यायचं. लाल जोडी आली की उलटं वळून प्रवाहाविरुद्ध वर चढायचं. अशा जोडीला गेट म्हणतात. काठीला नुसता स्पर्श झाला तरी तुमच्या वेळेत दोन सेकंद वाढतात. गेट चुकलं, किंवा काठी मुद्दाम बाजूला ढकलली, तर पन्नास. दोन म्हणजे चूक. पन्नास म्हणजे सामान बांधा.

आणि आम्हाला सामान बांधून चालणार नव्हतं. मोसम पाच शर्यतींचा, पाच गावांतला. पहिल्या गावात जागू त्रेचाळिसावी आली, दुसऱ्यात अडतिसावी. मग आमच्या संघटनेच्या सचिवसाहेबांचा फोन आला. "हे पाहा बाई, तिसऱ्या शर्यतीत पहिल्या तिसात आली, उपांत्य फेरी गाठली, तर पुढच्या दोन्ही शर्यती खेळू द्या. नाही आली तर तिथूनच परत या. आणि पुढच्या वर्षीच्या शिबिरातही नाव धरू नका." सचिवसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त आकडे आवडायचे, माणसं त्यांना आकड्यांच्या मागे उभी दिसायची.

मी कोण, तर कोलाडला कुंडलिकेच्या काठी राफ्टिंगवाल्यांचा एक कॅम्प होता, तिथली स्वयंपाकीण. सुगंधा. सातवी पास. सकाळी वर धरणाचं पाणी सुटलं की तीन-चार तास आमची नदी पळते, मग पुन्हा पिंडरीभर होते. त्या तीन-चार तासांत जागू कयाक शिकली आणि मी कांदे चिरता चिरता तिच्यावर ओरडायला शिकले. एकदा कुणी परदेशी पाहुणा या खेळाची इंग्रजी नियमावली कॅम्पवर विसरून गेला. चांगली दीडशे पानांची. ती मी डिक्शनरी घेऊन दोन वर्षं वाचली. एकदा नाही, पाठ होईपर्यंत. माझं सगळं इंग्रजी त्या एका पुस्तकातलं. त्यामुळे 'काठीचे हेतुपुरस्सर विस्थापन' मला इंग्रजीत अस्खलित म्हणता यायचं, पण हॉटेलात उशी मागता येत नव्हती. पहिले दोन दिवस मी स्वेटरची घडी डोक्याखाली घेऊन झोपले.

मुलींच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून एक बाई लागते. ठरलेल्या मॅडम आयत्या वेळी घसरून पडल्या. दुसरी, पासपोर्टवाली आणि नियम माहीत असलेली बाई म्हणजे मी. भाऊ मस्कतला होता म्हणून पासपोर्ट काढून ठेवलेला, भावाने बोलावलं कधीच नाही. तर तो असा कामाला आला.

जागू काठाला लागली. होडी खांद्यावर घेऊन, निथळत माझ्यापुढे उभी राहिली.

"गेट चौदा," मी म्हटलं. पाटीवर तसं लिहिलं होतं. "हाताने काठी ढकललीस म्हणतात. मुद्दाम."

"मी?"

"मग काय मी?"

"मी कशाला ढकलीन? सरळ आत होते मी."

"मग तो हात वर कशाला केला होतास? मी पाहिला इथून. चढ चढायचा सोडून उजवा हात वल्ह्यावरून काढलास."

ती खाली बघायला लागली. होडीचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं.

"लाथ बसली गो," ती हळूच म्हणाली.

"कुणाला?"

"त्याला. आतल्याला."

आता सांगायलाच हवं. आमची होडी भाड्याची होती आणि आधी कुणा सहा फुटी बाईने वापरलेली. आत पाय टेकायला एक आडवी पट्टी असते, तिच्यावर जोर देऊनच होडी वळवायची. जागूचे पाय त्या पट्टीपर्यंत पोचेनात आणि पट्टीचा बोल्ट गंजून बसलेला. स्पंज लावला तर तो दबायचा. टॉवेल लावला तर सरकायचा. शेवटी त्या दिवशी सकाळी मी माझी नियमावली दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून चिकटपट्टीने त्या पट्टीवर बांधली. अगदी मापाची. जणू त्यासाठीच छापली होती.

जागूने आत डोकावून पाहिलं होतं. "मावशे, पुस्तक आहे ते. पायाखाली?"

"दुसरं काही मापाचं नाही. एकदा काय तो नमस्कार कर आणि बस."

तिने केला आणि बसली. पण चौदाव्या गेटला, लाल गेटला, होडी गर्रकन फिरवताना तिचा पाय सुटला आणि टाच पुस्तकावर जोरात बसली. आणि पुस्तकाला पाय लागल्यावर आपल्याकडे सगळ्यांचं जे होतं ते तिचं झालं. उजवा हात कपाळाला.

"शर्यतीत नमस्कार केलास?" मी विचारलं.

"मी केला नाही," ती म्हणाली. "झाला."

मी चटणीची डबी बंद केली. तक्रार द्यायला पाच मिनिटं असतात, त्यातली दोन आमची बोलण्यात गेली होती. आमचे प्रशिक्षक बिष्ट सर पार वरच्या टोकाला, मुलांच्या शर्यतीच्या सुरुवातीपाशी. तिथवर जाऊन यायला वीस मिनिटं.

"होडी घे आणि चल," मी म्हटलं.

"होडी कशाला?"

"साक्षीदार आहे तिच्यात."

पंचांचा तंबू काठावरच होता. आत एक टेबल, चित्रफीत दाखवणारा पडदा आणि मुख्य पंच. झुपान नाव त्यांचं. उंच, पांढऱ्या मिशा, आणि चेहरा असा की हे गृहस्थ शेवटचे कधी हसले ते त्यांच्या बायकोने कुठेतरी लिहून ठेवलं असावं. शेजारी चौदाव्या गेटची पंच बसली होती, वेणी घातलेली तरुण पोर. मी तक्रारीचा कागद भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'हेतुपुरस्सर विस्थापन नाही. धार्मिक.'

झुपानसाहेबांनी ते दोनदा वाचलं.

"धार्मिक म्हणजे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, शिकून आणलेलं. त्यामुळे आम्हाला एकमेकांचं छान कळत होतं.

"तिने काठीला हात लावला नाही. हात कपाळाकडे गेला. काठी वाटेत होती."

त्यांनी पडद्यावर चित्रफीत लावली. होडी वळते, पाण्याची मोठी उसळी येते, त्या फेसातून जागूचा उजवा हात वर जातो आणि काठी हलताना दिसते. हात काठीला लागला की नाही ते फेसात कळतच नाही.

"मला वाटलं ढकलली," वेणीवाली म्हणाली. तिचंही खरंच होतं. शर्यतीच्या मधे दुसऱ्या कशासाठी कोण वल्हं सोडेल?

"कपाळाकडे का गेला?" झुपानसाहेब.

"पाय पुस्तकाला लागला. आमच्यात पुस्तकाला पाय लागला तर माफी मागतात. अशी." मी करून दाखवलं.

"होडीत पुस्तक होतं?"

"हो."

"कोणतं पुस्तक?"

इथे मी जरा थांबले. खोटं सांगायचं तर लगेच सुचायला पाहिजे. मला सुचलं नाही. जागूला खूण केली. तिने होडी आडवी केली, आत कोपरापर्यंत हात घातला, चिकटपट्टी फाडली आणि गळती पिशवी टेबलावर ठेवली. झुपानसाहेबांनी पिशवी सोडली. पुस्तक फुगून पावासारखं झालं होतं, पण मुखपृष्ठावरची अक्षरं चांगली ठळक होती.

झुपानसाहेबांनी ती वाचली, मग पुस्तक उलटून पाठ पाहिली.

"ही आमची नियमावली आहे," ते म्हणाले.

"हो."

"ही सगळी शर्यतभर तिच्या पायाखाली होती."

"हो. पण ती माफी मागत होती ना."

वेणीवालीने तोंडावर हात धरला. झुपानसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, तसा तिने हात काढला आणि खोकला काढला.

त्यांनी जागूला होडीत बसायला सांगितलं, तिथेच, गवतावर. पुस्तक पुन्हा आत. म्हणाले, पाय मार. तिने पाय मारला. हात हलला नाही. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला. हात मांडीवर तसाच.

"काय करतेस गो?" मी दातओठ खात म्हटलं. "कर की."

"मुद्दाम होत नाही ते, मावशे. मुद्दाम केलं तर नाटकच की ते."

"मग नाटक कर."

"मला नाही येत."

झुपानसाहेबांनी हात पसरले. त्यांचा नाइलाज होता. नियमाप्रमाणे पंचाने जे पाहिलं तेच खरं, समोर दुसरं काही दिसेपर्यंत. हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. पुस्तकात वाचलेलं होतं.

जागू होडीतून बाहेर आली. डोळे भरलेले, पण रडत नव्हती. ती तंबूतून निघाली, आणि मग मी जे केलं ते नियमावलीत कुठेच नाही. टेबलावरचा निकालपत्रकांचा गठ्ठा माझ्या पदराला लागून पडला. पदर मी जरा जास्तच फटकारला होता. कागद जमिनीवर पसरले आणि जागूचा ओला पाय पडला थेट एकावर.

ती वाकली. उजवा हात कागदाला, मग कपाळाला. तसंच मुकाट्याने, रडक्या तोंडाने. तिला कळलंसुद्धा नाही.

झुपानसाहेबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. चित्रफीत मागे नेली, पुन्हा लावली, थांबवली. तोच हात. कोपर तसाच बाहेर, बोटं तशीच जुळलेली. मग ते मान वळवून माझ्या पदराकडे बघायला लागले. मी तो खोचून टाकला.

"पन्नास रद्द," ते म्हणाले.

आमच्या भाषेत मी त्या क्षणी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. चांगलंच होतं, पण तंबूत म्हणण्यासारखं नव्हतं. जागूची वेळ होती एकशे अकरा सेकंद आणि वर काहीतरी. माझ्या डोक्यात हिशोब झालासुद्धा. तिसावी. बरोब्बर तिसावी. आयर्लंडची एक गाजरासारख्या केसांची मुलगी एकशे बाराच्या पुढे होती, ती एकतिसावी जाणार होती. तिचं वाईट वाटायला मला वेळ नव्हता.

झुपानसाहेबांनी पेन उचललं. जागूच्या वेळेपुढे शून्य लिहिण्याआधी, नुसत्या सभ्यपणाने, त्यांनी तिला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

जागूने माझ्याकडे पाहिलं. "काय विचारतात?"

"काही सांगायचंय का म्हणतात. नाही म्हण."

तिने ओठ चावला. तिला मी लहानपणापासून ओळखते. हे असं ओठ चावणं म्हणजे घरातलं काहीतरी फुटलंय आणि आता सांगणार आहे.

"मावशे, हात नाही लागला. पण त्याच्या आधी वल्ह्याचं पातं घासलं काठीला. म्हणून हलत होती ती. दोन माझे आहेत. सांग त्यांना."

दोन. एकशे तेरा. आयर्लंडची मुलगी तिसावी, ही एकतिसावी. परतीचं तिकीट. शिबिरात नाव नाही.

"ती काय म्हणते?" झुपानसाहेबांनी मला विचारलं.

तंबूत मराठी समजणारी माणसं दोनच. त्यातल्या एकीला इंग्रजी येत नव्हतं. दुसरी मी.

"ती म्हणते, थँक यू," मी म्हटलं.

खोटं असं पटकन सुचेल असं मला वाटलं नव्हतं. मघाशी सुचलं असतं तर एवढा खटाटोप वाचला असता.

झुपानसाहेबांनी मान डोलावली, कागदावर पेन टेकलं.

"टू," जागू म्हणाली.

त्या मोसमात जागूला इंग्रजीचे तीन शब्द आले होते. येस, नो आणि टू. दोनची पाटी पंच वर करतात, ती तिला दर गावात दिसायची. आता तिने दोन बोटं वर केली, दुसऱ्या हाताने वल्ह्याचं पातं धरून दाखवलं, मग हवेतल्या हवेत काठी घासल्यासारखं केलं. आणि पुन्हा म्हणाली, "टू. येस."

झुपानसाहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही म्हणालात ती थँक यू म्हणते."

"आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे," मी म्हटलं.

त्यांच्या मिशा हलल्या. हसले की नाही ते सांगता येणार नाही. तसं म्हटलं तर काठीसारख्याच हलल्या, कशाने ते फेसात दिसलं नाही. त्यांनी कागदावर दोन लिहिलं, नियमावली पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

बाहेर आल्यावर आम्ही गवतातून चालायला लागलो. होडीचं एक टोक तिच्या खांद्यावर, दुसरं माझ्या.

"तीन शब्द येतात," मी म्हटलं. "त्यातले दोन आजच बोलायचे होते?"

"तू थँक यू का सांगितलंस?"

"तुला कसं कळलं?"

"थँक यू कुणाला कळत नाही गो?"

म्हणजे तिला चार शब्द येत होते. माझीच मोजणी चुकली.

"तू एकतिसावी होणार होतीस म्हणून," मी म्हटलं.

"मग? झाले."

"पुढच्या वर्षी पाठवणार नाहीत. कळतंय का तुला? पुढच्या दोन शर्यती गेल्या, शिबिर गेलं. सगळं गेलं."

"पाणी तर सुटतं ना रोज आपल्याकडे," ती म्हणाली. मग काही पावलं गेल्यावर, "चटणी राहिलीय का?"

संध्याकाळी मी सचिवसाहेबांना फोन केला.

"कितवी?"

"एकतिसावी."

"म्हणजे नाही."

"एकाने गेली, साहेब."

"एकाने म्हणजेच नाही, बाई. परवाचं तिकीट करतो."

पोरीने काय केलं ते मी सांगितलं नाही. त्यांनी ते कुठल्या रकान्यात लिहिलं असतं?

दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरी. मला काही बघायची नव्हती, मला बॅग भरायची होती. पण जागूने हाताला धरून नेलं आणि चौदाव्या गेटसमोरच बसवलं. उपांत्य फेरीत उलटी रांग असते. जी सगळ्यात मागची, ती सगळ्यात आधी सुटते. म्हणजे पहिली होडी आली तीच तिसावीची. गाजरासारखे केस शिरस्त्राणातून बाहेर आलेले, ओठ घट्ट मिटलेले. असेल जागूच्याच वयाची, वर्षभराने मोठी.

मी खरं सांगते. मनात म्हणत होते, उलट. दुसऱ्याच गेटला उलट. निदान एक काठी तरी लाग बाई. ही जागा कुणाची आहे माहीत आहे का तुला?

आणि माझ्या शेजारी जागू उभी राहून, घसा ताणून ओरडत होती.

"ओढ गो, ओढ. डावीकडे राहा. मागे नको बघू. ओढ."

सगळं मराठीत. आजूबाजूचे लोक वळून बघत होते. ती मुलगी तेराव्या गेटला अडखळली, आणि जागूने माझा दंड असा दाबला की दोन दिवस निळा राहिला.

"मावशे, तू पण ओरड."

"मी कशाला? ती आपली कोण लागते?"

जागूने पाण्यावरची नजर काढली नाही.

"माझ्या पुढची," ती म्हणाली.

होडी चौदाव्या गेटला आली. लाल काठ्या, उलटा प्रवाह, गर्रकन वळण. त्या मुलीचं वल्हं काठीच्या अगदी केसभर जवळून जाताना दिसलं, आणि मला कळायच्या आत मी उठून उभी होते, नऊवारीच्या निऱ्या एका हातात धरून.

"वल्हं आत घे गो बाय," मी ओरडले. "आत घे, लागेल."

तिने घेतलं.